रग्बी विश्वचषक २०२३: आफ्रिका कप राखणार का? (रात्र जागवणाऱ्यांसाठी धागा)

अजिंक्यतारा (धागाकर्ता)
२७ ऑगस्ट २०२३, सकाळी ९:४०

शुक्रवारी मध्यरात्री मोबाइलचा आवाज बंद करून, पांघरुणात शिरून लंडनमधल्या ट्विकनहॅमचा सामना बघितला. दक्षिण आफ्रिका ३५, न्यूझीलंड ७. ऑल ब्लॅक्स (न्यूझीलंडचा संघ) आजवर एवढ्या फरकाने कधीच हरले नव्हते. चौथ्या ट्रायला (चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे टेकवला की ट्राय, पाच गुण) माझ्या तोंडून "आयला!" निघालं आणि पलीकडच्या खोलीतून वडील म्हणाले, "चांद्रयान बुधवारीच उतरलं की रे, आता काय बघतोयस?"

तर धागा काढतोय. ८ सप्टेंबरपासून फ्रान्समध्ये विश्वचषक आहे. इथे रग्बी बघणारे पाच-सहा जण तरी असतील, नसतील तर एकटाच लिहीत बसेन.

माझं म्हणणं आधीच सांगतो. आफ्रिकेकडे ताकद आहे, बाकावर दुसरा तेवढाच तगडा संघ बसलाय, कोलिसीसारखा कप्तान गुडघ्याच्या दुखापतीतून वेळेत परत आलाय. नाही तो फक्त खात्रीचा किकर. हांद्रे पोलार्डची पोटरी बरी होईना म्हणून ३३ जणांच्या यादीतून तो बाहेर. मानी लिबॉक हाच पहिल्या पसंतीचा फ्लायहाफ (खेळ चालवणारा, बहुतेक वेळा किकरही तोच), आणि तो नसेल तर डॅमियन विलेम्से.

किकरवर एवढा जोर का देतोय? आफ्रिकेने जिंकलेले तीन अंतिम सामने बघा. १९९५ ला न्यूझीलंडविरुद्ध १५-१२, सगळेच्या सगळे १५ गुण जोएल स्ट्रान्स्कीच्या बुटातून. २००७ ला इंग्लंडविरुद्ध १५-६, तेही सगळे पेनल्टीचे. २०१९ ला ३२-१२, त्यात दोन ट्राय आणि बाकीचे २२ पोलार्डचे. बेरीज करा. तीन फायनलचे ६२ गुण, त्यातले ५२ किकचे. ट्राय मारून फायनल जिंकायची आफ्रिकेची रीतच नाही. आणि यंदा नेमका तोच माणूस घरी.

त्यात गट कसला मिळालाय बघा. आयर्लंड, स्कॉटलंड, टोंगा, रोमानिया. जागतिक क्रमवारीतले पहिले पाचही संघ दोनच गटांत कोंबलेत, कारण ड्रॉ काढला डिसेंबर २०२० मध्ये, तोही जानेवारी २०२० च्या क्रमवारीवर. म्हणजे पोरं पाळण्यात असतानाच सोयरीक. गटातून निघालो की उपांत्यपूर्व फेरीत समोर फ्रान्स नाहीतर न्यूझीलंड.

बोला.

भडंग
२७ ऑगस्ट, सकाळी १०:१५

पहिला प्रतिसाद माझा! सांगलीतून हजेरी. मला रग्बीतलं एवढंच कळतं की चेंडू भोपळ्यासारखा असतो आणि पुढे पळायचं असलं तरी पास मागे द्यायचा. आपल्या ग्रामपंचायतीच्या फायलीसारखं.

बाकी २ तारखेला भारत-पाकिस्तान आहे, त्याचा धागा कुठाय?

माहुलीचा घाट
२७ ऑगस्ट, सकाळी ११:०२

१९९५, २००७, २०१९. आफ्रिकेचा कप म्हणजे आपलं कन्यागत आहे, बारा वर्षांनी एकदा. गुरू कन्येत आल्याशिवाय काय होत नाही. २०३१ ला भेटू.

अजिंक्यतारा
२७ ऑगस्ट, सकाळी ११:०९

@माहुलीचा घाट, हे मला सुचलं नाही याचं वाईट वाटतंय.

@भडंग, त्या सामन्यावर पाऊसच पडेल बघ. इकडे सगळा ऑगस्ट कोरडा घालवला, तिकडे नेमका कोसळेल.

मोडका कान
२७ ऑगस्ट, दुपारी १:३०

धागा बघून बरं वाटलं. पुण्यात कॉलेजला असताना दोन वर्षं रग्बी खेळलोय, हुकर म्हणून. त्याआधी कराडला तालमीत होतो, तेव्हा कान आधीच मोडलेला होता. रग्बीच्या पहिल्या दिवशी कोचने माझा कान बघितला आणि काही न विचारता पहिल्या रांगेत उभं केलं. प्रॉप आणि हुकर लोकांचे कानही पैलवानासारखेच असतात हे तेव्हा कळलं.

धागाकर्त्याचं दुखणं किकर. माझं दुखणं वेगळं आहे आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. यादी नीट वाचा. चार स्क्रमहाफ (स्क्रममधून आलेला चेंडू पुढे देणारे) घेतलेत, चार! आणि हाडाचे हुकर किती? दोन. मॅल्कम मार्क्स आणि बोंगी मबोनाम्बी. तिसरा म्हणून डिऑन फूरीचं नाव सांगतात. तो ३६ वर्षांचा, पूर्वी हुकर होता, हल्ली फ्लँकर म्हणून, म्हणजे स्क्रमच्या बाजूला खेळतो. फ्लायहाफ नसला तर सेंटर किंवा फुलबॅक तिथे उभा राहू शकतो, लंगडं का होईना पण चालतं. हुकरच्या जागी भलताच माणूस घातला तर स्क्रममध्ये मान मोडेल.

साधा प्रश्न
२७ ऑगस्ट, दुपारी २:१०

हे स्क्रम म्हणजे ते सगळे वाकून एकमेकांत डोकं घालतात तेच ना? त्यात नेमकं काय चाललेलं असतं? मला तर कायम गाडी ढकलतायत असं वाटतं.

मोडका कान
२७ ऑगस्ट, दुपारी ४:४५

@साधा प्रश्न, विचारलंत म्हणून सविस्तर. कंटाळा आला तर सोडून द्या.

दोन्हीकडून आठ-आठ जण. पुढे तिघं, दोन प्रॉप आणि मध्ये हुकर. हुकरचे दोन्ही हात दोन्ही प्रॉपच्या पाठीवर टाकलेले, म्हणजे तो जवळजवळ लोंबकळतच असतो. मागून दोन लॉक म्हणजे ताडमाड उंच गडी पुढच्यांच्या ढुंगणाला खांदा लावतात, मग बाजूचे आणि शेवटचा आठवा. रेफ्री म्हणतो क्राउच, सगळे वाकतात. म्हणतो बाइंड, प्रॉप समोरच्याची जर्सी धरतो. म्हणतो सेट, आणि धडक. आठ जणांचं मिळून नऊशे किलोच्या आसपास वजन, दोन्हीकडून.

उजवीकडच्या प्रॉपचं डोकं समोरच्या दोघांच्या मध्ये अडकतं, म्हणून त्याच्यावर दोन्ही खांद्यांनी भार येतो. डावीकडच्याचा एक खांदा मोकळा. त्यामुळे उजवा प्रॉप हा सगळ्यात महागडा बैल. तो कोसळला की अख्खी जोडी आडवी. आणि अशा वेळी मध्ये लोंबकळणाऱ्या हुकरने एका पायावर उभं राहून दुसऱ्या पायाने चेंडू मागे ओढायचा. मला पहिल्या स्क्रमला बाकी काही आठवत नाही, फक्त समोरच्याच्या श्वासाला कांद्याचा वास होता आणि माझी हनुवटी माझ्याच छातीत रुतली होती. कुस्तीत निदान एकच माणूस अंगावर येतो.

हे झाल्यावर त्याच हुकरने लाइनआउटला (चेंडू बाजूच्या रेषेबाहेर गेल्यावर दोन रांगांमध्ये फेकतात तो) जाऊन चेंडू सुतासारखा सरळ फेकायचा. दमलेल्या हातांनी, दहा-बारा मीटर, हवेत उचललेल्या माणसाच्या बोटांत. म्हणून म्हणतो, दोन हुकर घेऊन दोन महिन्यांच्या स्पर्धेला जाणं म्हणजे स्टेपनी न घेता खंबाटकी चढणं.

साधा प्रश्न
२७ ऑगस्ट, संध्याकाळी ५:३०

बाप रे. गाडी ढकलण्याबद्दलचे शब्द मागे घेते. आता बघताना नीट बघेन.

काळी जर्सी
२७ ऑगस्ट, रात्री ८:२०

न्यूझीलंडवाला इथे मी एकटाच दिसतोय. ३५-७ चा गाजावाजा करणाऱ्यांनी हेही लिहावं की स्कॉट बॅरेटला मध्यंतराच्या आधीच दुसरं पिवळं म्हणजे लाल कार्ड मिळालं. त्याआधी तो आणि कप्तान केन दोघंही बाहेर होते तेव्हा आम्ही तेरा जण खेळत होतो. जुलैत ऑकलंडला पंधरा जण होतो, तेव्हा ३५-२० कोणी मारलं? सराव सामन्यावर वरात काढू नका.

अजिंक्यतारा
२७ ऑगस्ट, रात्री ८:५५

ऑकलंड मान्य. तेरा जणही मान्य. पण दुसऱ्या डावात स्क्रम आणि मॉलमध्ये (उभ्यानेच चेंडूवाल्याला धरून झुंडीने रेटणं) ज्या तऱ्हेने मागे रेटले गेले ते कार्डामुळे नव्हतं. आणि विशेष म्हणजे बाक. नेहमी आठ बदली खेळाडूंत पाच फॉरवर्ड (स्क्रमवाले), तीन बॅक (मागचे पळणारे) असतात. २०१९ ला आफ्रिकेने सहा-दोन केलं, त्याच टोळीला बॉम्ब स्क्वॉड म्हणायला लागले. परवा ऐनवेळी विली ली रू बाहेर पडला तर त्याच्या जागी बॅक न घेता क्वागा स्मिथला घेतलं. सात-एक! पंचेचाळीस-पन्नास मिनिटांनी समोरचे दमले की हे सात ताजे रेडे आत.

काळी जर्सी
२७ ऑगस्ट, रात्री ९:०३

आणि दोन बॅक जखमी झाले तर? विंगला (कडेला, पळणाऱ्यांच्या जागी) प्रॉप पळवणार?

भडंग
२७ ऑगस्ट, रात्री ९:०६

पळवा की. बैलगाडा शर्यतीला कोर्टाने परवानगी दिलीच आहे.

मिरजेची लेक
२८ ऑगस्ट, दुपारी १२:५०

वाचतेय कालपासून, आता राहवत नाही. माहेर मिरज, सासर कऱ्हाड, आणि गेली अकरा वर्षं मुक्काम प्रिटोरिया. इकडे सकाळ चालू आहे आणि वीज गेली आहे. लोडशेडिंग हा शब्द मी सांगलीहून बरोबर आणला, पण इकडे आल्यावर त्याला वेळापत्रक आणि पायऱ्या असतात हे शिकले. स्टेज चार, स्टेज सहा. परवाचा सामना बघायला आमच्या गल्लीतल्या सहा घरांची माणसं ज्यांच्याकडे इन्व्हर्टर आहे त्यांच्याकडे जमली होती.

८ जुलैला इथल्या लॉफ्टस मैदानावर ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या सामन्याला गेले होते. ४३-१२. कर्ट-ली आरेन्डसेने तीन ट्राय मारले. टीव्हीवर तो लहानखुरा दिसतो, प्रत्यक्षात आणखीनच लहान दिसतो. अवाढव्य माणसांच्या मधून आमच्या मिरज मार्केटमधल्या हमालासारखा सुळकन निघून जातो. माझ्या बाजूला एक शेतकरी आजोबा होते, आफ्रिकान्समध्ये सारखं काहीतरी पुटपुटत होते. तिसऱ्या ट्रायला त्यांनी मला बिल्टाँगची (वाळवलेल्या मांसाची) अख्खी पिशवी देऊन टाकली. मी शाकाहारी. मुलाने फस्त केली.

एक गोष्ट इथे राहिल्याशिवाय कळत नाही. आमच्या शेजारी एक गुजराती काका आहेत, जन्म डर्बनचा, वय सत्तरीपुढे. ते सांगतात, वर्णभेदाच्या काळात आम्ही स्प्रिंगबॉक्स (आफ्रिकेचा रग्बी संघ) हरावेत म्हणून देव पाण्यात ठेवायचो. हिरवी जर्सी म्हणजे गोऱ्या सरकारची जर्सी. न्यूझीलंडचा संघ आला की त्यांच्यासाठी टाळ्या. बंदीमुळे १९८७ आणि १९९१ चे विश्वचषक आफ्रिका खेळलीच नाही. १९९५ ला मंडेला तीच हिरवी, सहा नंबरची जर्सी घालून मैदानात आले तेव्हा काका म्हणे टीव्हीसमोरून उठून गेले, पटेना त्यांना. त्या संघात गोरा नसलेला एकटा चेस्टर विल्यम्स होता. आता तोच सहा नंबर सिया कोलिसी घालतो, झ्वीडेसारख्या वस्तीत वाढलेला. परवा काका कोलिसीच्या ट्रायला खुर्चीवरून उठले, आणि आता गुडघा धरून बसलेत.

म्हणून अजिंक्यतारा, किकर वगैरे ठीक आहे. पण ह्या लोकांना हा कप का हवा आहे ते आकड्यात बसत नाही.

अजिंक्यतारा
२८ ऑगस्ट, दुपारी १:२०

ताई, खास या प्रतिसादासाठी धागा काढला होता असं समजा. काकांच्या गुडघ्याला शुभेच्छा.

यवतेश्वर
२८ ऑगस्ट, दुपारी ३:४०

गाव साताऱ्याचं आणि काळजी आफ्रिकेची. काल रात्री बुडापेस्टला नीरजने भालाफेकीत सुवर्ण आणलं, महिन्याच्या सुरुवातीला आपल्या साताऱ्याची अदिती स्वामी सतराव्या वर्षी बर्लिनला तिरंदाजीत जगज्जेती झाली. त्याचे धागे पन्नास प्रतिसादांत बंद. जो खेळ आपण खेळतच नाही त्याच्यासाठी रात्री जागायच्या?

मोडका कान
२८ ऑगस्ट, संध्याकाळी ६:१५

@यवतेश्वर, खेळत नाही कसं? भारताच्या मुलींचा सेव्हन्सचा संघ पुढच्या महिन्यात हांगझोउच्या आशियाई खेळांना चाललाय. सात जणींचा खेळ, सात-सात मिनिटांचे दोन डाव. तुमच्या यवतेश्वरच्या घाटात मॅरेथॉनला पळणाऱ्या पोरींनी मनावर घेतलं तर त्यातल्या दोघी-तिघी सहज विंगला खेळतील. कबड्डी खेळणाऱ्यांना तर टॅकल शिकवावाच लागत नाही, फक्त गळ्याला हात लावायचा नाही एवढंच शिकवावं लागतं.

आणि रग्बीतल्या सर्वांत जुन्या चषकांपैकी एक आपल्याच पैशाचा आहे. कलकत्त्याचा रग्बी क्लब १८७८ मध्ये मोडला तेव्हा बँकेतले चांदीचे रुपये वितळवून कप केला, कानांच्या जागी तीन नाग आणि झाकणावर हत्ती. इंग्लंड-स्कॉटलंड अजून त्यासाठी दरवर्षी भांडतात. सध्या स्कॉटलंडकडे आहे, आणि तोच स्कॉटलंड आफ्रिकेचा पहिला प्रतिस्पर्धी.

अदितीबद्दल मात्र पूर्ण सहमत. तिचा धागा वर काढतो.

यवतेश्वर
२८ ऑगस्ट, संध्याकाळी ६:४०

हत्तीचं माहीत नव्हतं. बरं, चालू द्या.

काळी जर्सी
२९ ऑगस्ट, सकाळी ७:५५

गटाचं बोलूया का? आयर्लंडला कोणी धरतच नाही इथे. क्रमवारीत पहिला क्रमांक, यंदा ग्रँड स्लॅम (युरोपच्या सहा देशांच्या स्पर्धेत सगळे सामने जिंकले), गेल्या वर्षी आमच्या घरात येऊन मालिका जिंकले, नोव्हेंबरात डब्लिनला आफ्रिकेला १९-१६ हरवलं.

माहुलीचा घाट
२९ ऑगस्ट, सकाळी ९:१०

आयर्लंड आजवर उपांत्यपूर्व फेरीच्या पुढे गेलेलं नाही. परीक्षेच्या आदल्या दिवसापर्यंत वर्गात पहिला आणि पेपरला ताप. त्यांचा कप्तान सेक्स्टन ३८ चा, मार्चनंतर एकही सामना खेळला नाही, आधी दुखापत मग बंदी.

अजिंक्यतारा
२९ ऑगस्ट, सकाळी १०:३०

मला आयर्लंडची भीती वाटतेच. फ्रान्सची थोडी कमी झाली, त्यांच्या फ्लायहाफचा, न्तामाकचा, गुडघा गेल्यावर. कप्तान ड्यूपाँ एकटा किती ओढणार? पण आयर्लंडकडून गटात हरलो तरी आभाळ कोसळत नाही. २०१९ ला पहिलाच सामना न्यूझीलंडकडून २३-१३ हरून आफ्रिकेने कप नेला. गटात हरून जगज्जेता झालेला तो पहिला संघ.

इंग्लंडचं नावही काढू नका. परवा घरच्या मैदानावर फिजीकडून ३०-२२.

भडंग
२९ ऑगस्ट, सकाळी १०:४१

हे लिबॉक प्रकरण मला कळेना. तुम्ही म्हणता नेम नाही. परवा पाच ट्राय आणि ३५ गुण म्हणजे पाचच्या पाच कन्व्हर्जन (ट्रायनंतरची दोन गुणांची किक) आत गेले की. एवढं गणित तर मलाही येतं.

अजिंक्यतारा
२९ ऑगस्ट, सकाळी ११:००

बरोबर आहे, आणि त्यासाठी तुला मानलं. लिबॉक खेळाडू म्हणून पोलार्डपेक्षा मला जास्त आवडतो, समोर बघत बघत भलतीकडे किक मारतो, डोळ्यांचं पारणं फिटतं. पण ३०-० ची आघाडी असताना मारलेला कन्व्हर्जन वेगळा. १२-१३ वर असताना, पंचाहत्तराव्या मिनिटाला, बाजूच्या रेषेजवळून, ऐंशी हजार फ्रेंच शिट्ट्या मारत असताना तीन गुणांची पेनल्टी वेगळी. जुलैत जोहान्सबर्गला अर्जेंटिनाशी २२-२१ झालं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला होता. विश्वचषकाचे बाद फेरीचे सामने असेच असतात.

मोडका कान
२९ ऑगस्ट, दुपारी १२:१५

पेनल्टी मिळवून कोण देतो? स्क्रम. स्क्रम कोण चालवतो? मी आपला पुन्हा सांगतोय. दोनच हुकर आहेत.

मिरजेची लेक
८ सप्टेंबर, दुपारी ३:००

आज सुरू! मुलांच्या शाळेत सगळ्यांनी हिरव्या जर्सी घालून यायचं होतं. बाजारात मापाची जर्सी शिल्लक नव्हती, शेवटी माझ्या हिरव्या इरकलीच्या जुन्या ब्लाउजपीसची पट्टी टी-शर्टला शिवून पाठवलं. बाईंनी विचारलं हे कुठलं कापड. मुलगा म्हणाला, आजीच्या गावचं.

अजिंक्यतारा
१० सप्टेंबर, रात्री ११:२५

स्कॉटलंडला १८-३. सव्वानऊचा सामना म्हणून यंदा वडीलही बसले होते. पूर्वार्ध रटाळ, ६-३. मग लिबॉकने डोकं एकीकडे आणि पाय दुसरीकडे अशी किक मारली आणि आरेन्डसेने कोपऱ्यात ट्राय केला. वडील म्हणाले, "हा पोरगा चांगला आहे की, तू उगाच नावं ठेवतोस."

पण पेनल्टी त्याने सोडल्याच. नंतर स्क्रमहाफ फाफला मारायला लावल्या. एवढंच नोंदवून ठेवतो.

मोडका कान
१४ सप्टेंबर, रात्री १०:०५

मॅल्कम मार्क्स. सरावात गुडघा. स्पर्धेबाहेर.

आता एकच.

भडंग
१४ सप्टेंबर, रात्री १०:११

भाऊ, तुमच्या तोंडात साखर पडो म्हणतात ते तुमच्याबद्दल कधी म्हणायचं नाही असं ठरवलंय.

मिरजेची लेक
१८ सप्टेंबर, सकाळी ११:३०

बातमी लागली का तिकडे? मार्क्सच्या जागी बोलावलंय. कोणाला ते ओळखा. काल रोमानियाला ७६-० मारलं त्यापेक्षा इकडे चर्चा याचीच आहे.

अजिंक्यतारा
१८ सप्टेंबर, दुपारी १२:१०

पोलार्ड!!! हुकर गेला आणि त्याच्या जागी किकर! मोती चौकात गणपतीची आरास घ्यायला उभा होतो, बातमी बघून दुकानदाराला दोनदा पैसे देऊन बसलो. उद्या मूर्ती आणायची आहे, त्याआधीच बाप्पा पावले.

मोडका कान, आहात का?

मोडका कान
१८ सप्टेंबर, दुपारी १२:५०

आहे. ३६ वर्षांचा फ्लँकर आता विश्वचषकात हुकर म्हणून लाइनआउटला चेंडू फेकणार. तुमच्या पोलार्डला पेढे द्या. मी बोंगीच्या गुडघ्यांसाठी नारळ घेऊन निघालोय.